शेजारच्या दाताच्या भरवशावर

इ.स. ११९४ मध्ये यमुनेच्या काठी चंदावर येथे महंमद घोरीच्या सैन्याशी लढताना कनौजचा राजा जयचंद मारला गेला. रणांगणात प्रेतांचा खच पडलेला. त्यात राजा कोणता हे ओळखू येईना. अखेर ओळख पटली ती दातांवरून. न्यायवैद्यकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट हमखास असते, आणि राजाचे पुढचे दात 'कृत्रिम' होते असे तीत सांगितलेले असते. पण या लढाईनंतर काही दशकांतच मोसूल येथे इतिहास लिहिणाऱ्या इब्न अल्-असीरची नोंद जरा वेगळी आहे. राजाचे दात मुळाशी कमकुवत झाले होते आणि ते सोन्याच्या तारेने आवळून बांधले होते, असे तो म्हणतो. म्हणजे दात राजाचेच, परके काय ते सोने!

हा फरक क्षुल्लक वाटेल, पण तो आजच्या आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. हलणारा दात शेजारच्या घट्ट दातांना बांधून टिकवणे ही एक गोष्ट. पडलेल्या दाताच्या जागी दुसरा दात आणून तो शेजाऱ्यांना बांधणे ही अगदी दुसरी. तार तीच, गाठही तीच. पण पहिल्या प्रकारात आपण कललेल्या भिंतीला टेकू देतो, तर दुसऱ्यात शेजाऱ्याच्या भिंतीवर नवे छप्पर टाकतो. छप्पर किती घट्ट बसले हे सगळे पाहतात. भिंतीचे काय झाले, हे पाहायला माणसाला बरीच शतके लागली.

लेबनॉनमधील सिडॉन या फिनिशियन शहराच्या परिसरात सापडलेले दोन जबडे याची साक्ष देतात. त्यांतला एक १८६२ साली सापडला. त्यात दुसऱ्या कोणाचे तरी दोन दात सोन्याच्या तारेने शेजारच्या दातांना बांधलेले होते. दुसरा, 'फोर्ड जबडा' या नावाने ओळखला जाणारा, बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. तो इ.स.पूर्व पाचव्या शतकातला मानतात. त्यात हिरड्यांच्या रोगाने सैल झालेले त्या माणसाचेच पुढचे दात तारेने एकत्र विणले आहेत, अगदी जयचंदासारखे. इटलीतील एट्रुस्कन सोनार याच सुमारास तारेऐवजी सोन्याच्या पट्ट्या वापरत. या सगळ्यांत एक उणीव समान होती: बांधलेला दात काढून धुता येत नसे. तारेच्या वेढ्याखाली अन्न अडकणार, कुजणार, आणि आधार देणारा दातही कालांतराने त्याच वाटेने जाणार.

तोंडातून काढता येईल पण आपोआप पडणार नाही असा दात बनवायचा, तर दोन परस्परविरोधी अटी पाळाव्या लागतात. सगळे दात गेल्यावर बसवतात ती पूर्ण कवळी. तिला धरायला दात नसतात, तरी वरची कवळी टिकते. काचेच्या दोन पट्ट्या पाण्याचा थेंब मध्ये ठेवून एकमेकींवर दाबा आणि सरळ ओढून वेगळ्या करून पाहा. त्या घसरवता येतात, पण ओढून सहजासहजी सुटत नाहीत. टाळू आणि कवळी यांच्यामधली लाळेची पातळ फिल्म हेच काम करते. कडेने हवा आत शिरत नाही तोवर पकड राहते. काही दात शिल्लक असतील तेव्हाची अर्धी कवळी मात्र (मग गेलेला दात एक असो की दहा) या युक्तीवर फारशी विसंबू शकत नाही. तिची कड जागोजागी दातांपाशी तुटलेली असते आणि तिथून हवा आत जाते. म्हणून तिला दुसऱ्याचा हात धरावा लागतो. तो हात शेजारच्या दाताचा.

आधुनिक दंतवैद्यकाचा पाया घालणाऱ्या पिएर फोशारने १७२८ च्या आपल्या ग्रंथात दात रेशमाच्या दोऱ्याने किंवा सोन्याच्या तारेने बांधायच्या रीती दिल्या आहेत. पूर्ण कवळीसाठी त्याने दोन्ही जबड्यांत स्प्रिंगा वापरल्या. १७४६ मध्ये त्याच देशातील मूतोंने बांधण्याऐवजी सोन्याचा लवचीक हुक दाताला अडकवण्याची कल्पना मांडली. आपल्याकडे आजही गावोगाव ज्यांना 'तारेचे दात' म्हणतात, त्यांचा हा पूर्वज. पण ही कल्पना रुजायला वेळ लागला. १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या पाणघोड्याच्या दातापासून कोरलेल्या कवळीला एक भोक होते आणि त्या भोकातून हा एकुलता दात बाहेर येई. कवळी सावरायला तो खुंटीसारखा कामी यायचा. १७९६ मध्ये तोही काढावा लागला.

रबर, प्लॅस्टिक आणि आपल्याकडचे तारेचे दात

हुक सर्वसामान्यांपर्यंत पोचला तो एका वेगळ्याच शोधामुळे. चार्ल्स गुडइयरला रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याच्या कृतीचे पेटंट १८४४ मध्ये मिळाले. गंधकाचे प्रमाण वाढवले की ते रबर लाकडासारखे कठीण होते. हे कठीण रबर म्हणजे व्हल्कनाइट. तोंडाचे माप घ्यायचे, साच्यात रबर दाबायचे आणि वाफेच्या भांड्यात शिजवायचे! हस्तिदंत कोरण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडले. अमेरिकेत या कवळ्यांचे हक्क घेऊन बसलेली कंपनी प्रत्येक दंतवैद्याकडून परवान्याचे पैसे वसूल करी. हा जाच इतका वाढला की १८७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत एका दंतवैद्याने कंपनीच्या खजिनदाराला गोळी घालून ठार केले. पेटंटच्या कायद्यावर वर्गात चर्चा करायची असेल तर याहून ठसठशीत उदाहरण मिळायचे नाही.

१९३७ च्या सुमारास व्हल्कनाइटच्या जागी अॅक्रिलिक आले, ज्याचे विमानांच्या पारदर्शक काचा करण्यासाठीही उपयोग होत होते. ते गुलाबी रंगवता येते, त्याला वास लागत नाही आणि ते बनवायला मोठी भट्टी लागत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर तेच रूढ झाले. त्यात तारेचा हुक पुरला की झाली अर्धी कवळी तयार.

मुंबईत त्या काळी दात बसवणारे अनेक प्रकारचे होते: विलायतेत शिकलेले मोजके डॉक्टर, गुरूच्या हाताखाली काम शिकलेले चिनी दंतवैद्य, आणि रस्त्याच्या कडेला पेटी मांडून बसणारे. नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयाची सुरुवात १९३३ ची. देशभरासाठी दंतवैद्यक कायदा १९४८ मध्ये झाला. त्याने नोंदवहीचे दोन भाग केले. 'अ' भागात पदवीधर. 'ब' भागात पदवी नसलेले, पण निदान पाच वर्षे याच व्यवसायावर पोट भरणारे. त्या काळी पदवीधर इतके कमी होते की दुसऱ्या गटाला बाहेर काढले असते तर लोकांचे दात काढणारा आणि बसवणाराच उरला नसता. कायद्याने व्यवहार्य मार्ग काढला असे माझे मत आहे. पण त्यामुळे हात शिकला आणि त्यामागचे शास्त्र मात्र मागेच राहिले, असेही बरेच झाले.

याचे एक उदाहरण पानशेत भागातल्या शिक्षकांपुढे बोलताना समोर आले. व्याख्यान संपल्यावर एका ज्येष्ठ गुरुजींनी खिशातून छोटी प्लॅस्टिकची डबी काढली. आत गुलाबी अॅक्रिलिकचा तुकडा, त्यावर एक दात आणि दोन बाजूंना दोन तारेचे हुक. "सर, दात गेला एक. हुक लावले दोन. चार वर्षांत आता ते दोघेही हलायला लागलेत. हा हुक दात धरतो का पाडतो?" दरम्यान हुक सैल झाले तेव्हा त्यांनी ते दोनदा पकडीने आवळून घेतले होते.

प्रश्न इतका नेमका होता की त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

घागर, खुंटा आणि हेअरबँड

दात म्हणजे उभा ठेवलेला खांब नव्हे. त्याचा आकार घागरीसारखा आहे: मध्ये फुगीर पोट, आणि हिरडीकडे जाताना निमुळता. हुकाचे टोक पोटावरून खाली उतरून या निमुळत्या भागात बसते. कवळी वर ओढली गेली की टोकाला पुन्हा पोटावरून चढावे लागते. त्यासाठी हुक फाकावा लागतो, आणि तो फाकायला जो विरोध करतो तीच पकड. पोटाखालच्या या जागेला दंतवैद्य अंडरकट म्हणतात. मुलांना दाखवायचे असेल तर एक रबरी चेंडू आणि प्लॅस्टिकचा हेअरबँड घ्या. हेअरबँडची टोके चेंडूच्या मध्यरेषेच्या अलीकडेच ठेवली तर तो निसटून उडतो. मध्यरेषेच्या पलीकडे सरकवली तर आपोआप धरून बसतो.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की टोक एकदा खाली जाऊन बसले की हुकाने दातावर अजिबात जोर लावायचा नसतो. त्याने तिथे नुसते असायचे. ओढ पडेल तेव्हाच काम करायचे. हुक सतत आवळत राहिला तर तो वेगळेच काम करू लागतो. वाकडे दात सरळ करायला मुलांना तारा लावतात ना? सौम्य पण सततचा जोर दाताला हाडातून सरकवतो. गुरुजींचे हुक पकडीने आवळले गेले तेव्हा नेमके हेच घडले असण्याची शक्यता आहे.

शिवाय जोर कोणत्या दिशेने पडतो हेही पाहायला हवे. गुरे बांधायचा खुंटा जमिनीतून काढायचा असेल तर आपण तो सरळ वर ओढत बसत नाही. आधी इकडेतिकडे हलवून सैल करतो. दाताचेही तसेच. मूळ आणि हाड यांच्यामधले तंतू तिरपे ताणलेले असतात, म्हणून उभा भार दात मजेत पेलतो. कडेने दिलेले हेलकावे मात्र त्याला मानवत नाहीत. हुकाचे टोक पोटावरून उतरताना आणि चढताना दाताला एका बाजूने ढकलते. कवळी दिवसातून तीन वेळा काढली-घातली तर वर्षाला हजाराहून अधिक वेळा बसते आणि तितक्याच वेळा निघते! म्हणून चांगल्या रचनेत दाताच्या दुसऱ्या बाजूला एक ताठ हात असतो. एक ढकलतो तेव्हा दुसरा अडवतो.

आता जोराचे गणित. हुकाचा हात म्हणजे एका टोकाला पक्का केलेला दांडा. तो ठरावीक अंतर वाकवायला लागणारे बल लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते, आणि गोल तारेच्या बाबतीत व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात. हात निम्म्या लांबीचा केला तर बल आठपट. ०.७ मिलिमीटर तारेऐवजी १ मिलिमीटर तार घेतली तर बल चौपट. 'जरा जाड तार घाला म्हणजे घट्ट बसेल' असा आग्रह रोगी धरतो तेव्हा तो शेजारच्या दातासाठी काय मागतो आहे, हे या आकड्यांवरून कळेल. अकरावी-बारावीच्या मुलांना सायकलच्या स्पोकवर हे सहज करून पाहता येते: टेबलाच्या कडेला स्पोक दाबून धरा, टोकाला वजने टांगा, बाहेर आलेली लांबी बदला आणि वाक मोजा. आणि पकड लागते तरी किती? अभ्यासकांच्या मते ३०० ते ७५० ग्रॅम वजन पेलेल एवढी पकड अर्ध्या कवळीला पुरते. म्हणजे बाजारातून आणलेल्या अर्धा किलो साखरेच्या पुडीएवढी. त्यापुढचा घट्टपणा रोग्याला समाधान देतो, पण त्याच्या दाताला नाही.

मेणापासून सांगाड्यापर्यंत

तारेला दुसरा पर्याय आला तो ओतकामातून. १९०७ मध्ये अमेरिकन दंतवैद्य विल्यम टॅगार्ट याने दाताचे भराव मेणात घडवून, त्याभोवती साचा करून, मेण जाळून त्या जागी सोने ओतण्याचे यंत्र दाखवले. ही रीत आपल्याला नवी नव्हती. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली सापडलेले हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ हे भरीव धातूचे नग मेणाच्याच साच्यातून ओतले असे मानतात. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मेणाचे वजन करून त्यावरून धातू किती लागेल ते ठरवण्याची कृती दिली आहे. टॅगार्टचे श्रेय अचूकतेचे. मूर्ती ओतताना धातू थंड होऊन किंचित आकसला तर बिघडत नाही. दातात केसभर फरकही चालत नाही. म्हणून साच्याचे द्रव्य असे घ्यावे लागते की ते तापून फुगेल आणि धातूचे आकसणे भरून काढेल.

यातून १९२० च्या दशकात संपूर्ण अर्ध्या कवळीचा सांगाडा एका तुकड्यात ओतायची पद्धत रूढ झाली. १९२५ मध्ये एकर्सने तिचा पुरस्कार केला. पुढच्या काही वर्षांत सोन्याच्या जागी कोबाल्ट आणि क्रोमियमचा मिश्रधातू आला. तो सोन्याच्या मिश्रधातूच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा आणि जवळजवळ दुप्पट ताठ. स्वस्त तर अर्थातच. पण ताठपणा दुप्पट म्हणजे हुकाला फाकायची मुभा निम्मी. सोन्याचा हुक अर्धा मिलिमीटर अंडरकटमध्ये नेता येत असे. कोबाल्ट-क्रोमियमचा पाव मिलिमीटरपर्यंतच न्यायचा, असा संकेत पडला. पाव मिलिमीटर म्हणजे साधारण पोस्टकार्डाची जाडी. एवढे अंतर डोळ्याने मापता येत नाही. त्यासाठी सर्व्हेअर नावाचे साधन वापरतात. गवंडी ओळंब्याने भिंत पाहतो, तसा यातला उभा दांडा दाताच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीभोवती फिरवतात. पोट जिथे सर्वांत फुगीर तिथे शिशाची रेघ उमटते. दंतवैद्यकातला त्याचा वापर पहिल्यांदा १९१८ मध्ये दाखवला गेला आणि १९२३ मध्ये तो बाजारात आला. तोवरचा हुक हा अंदाजपंचे मामला होता.

ओतीव सांगाड्याचा खरा फायदा मात्र हुकात नाही. तो आहे हुकाजवळच्या छोट्या टेकूत. दाताच्या चावण्याच्या पृष्ठभागावर उथळ खळगा करून त्यात सांगाड्याचा हा टेकू बसतो. त्यामुळे चावताना येणारा भार कवळीकडून दाताकडे, आणि तोही उभा, जातो. गुरुजींच्या अॅक्रिलिकच्या कवळीला टेकू नव्हता. ती पूर्णपणे हिरडीवर बसलेली होती. प्रत्येक घासागणिक ती थोडी थोडी खाली रुतते, आणि तिची कड शेजारच्या दाताच्या हिरडीला खरवडत मागे सारते. दाताचे मूळ उघडे पडते. पकड आणि आधार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते अर्ध्या कवळीचा निम्मा इतिहास या दोहोंच्या गोंधळाचा आहे. रोगी पकडीची तक्रार करतो. कमतरता बहुतेक वेळा आधाराची असते.

सर्वांत बिकट परिस्थिती मागच्या दाढा गेल्यावर येते. एडवर्ड केनेडीने १९२५ मध्ये दातांच्या रिकाम्या जागांचे चार वर्ग पाडले. ते आजही शिकवले जातात. त्याने पहिला क्रमांक दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा गेलेल्यांना दिला. इथे कवळीला पुढे दात आहे, मागे काही नाही. दात आपल्या खोबणीत अगदी थोडा दबतो. हिरडी त्याच्या कितीतरी पट दबते. चावले की कवळीचे मागचे टोक खाली जाते आणि टेकू हा सीसॉचा मधला बिंदू बनतो. टेकू दाताच्या मागच्या बाजूला आणि हुकाचे टोक पुढच्या बाजूला असेल तर मागचे टोक खाली जाताच हुकाचे टोक वर उचलले जाते, पोटाला अडते आणि दाताला उपटू पाहते. कागदावर आकृती काढा, लगेच दिसेल. १९६३ मध्ये क्रातोचविलने टेकू दाताच्या पुढच्या बाजूला नेला आणि हुकाऐवजी हिरडीच्या बाजूने येणारी एक बारीक उभी दांडी योजली. १९७३ मध्ये क्रोलने ही रचना आणखी सुधारली. आता मागचे टोक खाली गेले की दांडीही खाली जाते आणि दाताला सोडून देते. चावताना सोडायचे, ओढताना धरायचे. नुसती टेकूची जागा बदलून हे साधले. ही युक्ती मला साऱ्या इतिहासातली सर्वांत सुरेख वाटते.

पकडीचे इतर मार्ग झटपट पाहू. हुक दिसू नये म्हणून दातावर टोपी चढवून तिच्यात खाच आणि कवळीला त्यात सरकणारा खिळा, अशी कुलपे विसाव्या शतकाच्या आरंभापासून आहेत. जर्मनीत एकात एक बसणाऱ्या दोन टोप्यांची पद्धत विकसित झाली. स्टीलचे दोन पेले एकात एक घट्ट बसतात आणि निघता निघत नाहीत, तेच तत्त्व. फक्त इथे उतार किती अंशांचा असावा हे मोजून ठरवतात, म्हणजे हवे तेव्हा निघतील. यात पकड उत्तम आणि भारही उभा, पण त्यासाठी चांगला दात चारी बाजूंनी घासून बारीक करावा लागतो. सत्तरच्या दशकापासून छोटे पण जोरकस चुंबक वापरून पाहिले गेले. चुंबकाचा गुण असा की आडवा जोर आला तर तो घसरतो, दात उपटत नाही. दोष असा की लाळेत तो गंजतो, म्हणून त्याला हवाबंद डबीत ठेवावे लागते. नायलॉनच्या लवचीक कवळ्या १९५० च्या दशकापासून आहेत. त्यांचे हुक गुलाबी असल्याने दिसत नाहीत, आणि हल्ली त्यांना भारी मागणी आहे. पण टेकू नसेल तर त्याही हिरडीत रुततात.

आणि एक पद्धत थेट आपल्या डोंगरांतून गेलेली. सह्याद्रीच्या कोरड्या उतारांवर आणि विदर्भ-खानदेशच्या जंगलांत पांढऱ्याशुभ्र खोडाचा कांडोळ उभा असतो. रात्री तो भुतासारखा दिसतो म्हणून काही ठिकाणी त्याला भुत्याही म्हणतात. त्याचा डिंक, म्हणजे कराया, पाण्यात भरपूर फुगतो आणि चिकट होतो. कवळीच्या आत भुरभुरायच्या भुकटीत हा डिंक विसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर वापरला गेला, आणि त्याचा प्रमुख पुरवठादार भारतच. पूर्ण कवळीला तो ठीक. पण कराया आम्लधर्मी आहे. तोंडात दात शिल्लक असतील तर त्यांच्या एनॅमलमधील खनिज तो विरघळवू शकतो. इथेही पुन्हा शेजारीच!

हुक गुन्हेगार की अडकलेले अन्न?

आतापर्यंत मी सगळा दोष तरफेवर आणि तारेच्या जाडीवर ठेवला. पण स्वीडनमधील दीर्घकालीन अभ्यासांनी या समजुतीला चांगलाच धक्का दिला. १९६० च्या दशकात कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्धी कवळी घालणाऱ्या रोग्यांना चार वर्षे पाहिले. त्यांना नियमित तपासणीला बोलावले जात नव्हते. आधार देणाऱ्या दातांची कीड वाढली, हिरड्या बिघडल्या, दात हलू लागले. निष्कर्ष निराशाजनक होता. पुढे बर्गमन, ह्यूगोसन आणि ओल्सन यांनी दुसऱ्या रोग्यांचा पाठपुरावा केला. यांच्या कवळ्या काळजीपूर्वक आखलेल्या होत्या, रोग्यांना दात आणि कवळी घासायला शिकवले होते आणि दरवर्षी तपासणीला बोलावले जाई. त्यांचा पंचवीस वर्षांचा अहवाल १९९५ मध्ये आला. हुक तेच, तरफही तीच. पण आधाराच्या दातांची फारशी हानी झालेली नव्हती.

म्हणजे हुकाने खुंटा हलवला हे खरे, पण त्याआधी खुंट्याभोवतीची माती सैल झाली होती. हुकाखाली आणि कवळीच्या कडेला जिवाणूंचा चिकट थर साठतो, हिरडी सुजते, हाड झिजते. मग जो जोर निरोगी दाताने सहज पेलला असता तोच त्याला जड होतो. गुरुजी कवळी रात्री काढत नव्हते. काढून ठेवली तर दात सरकतील आणि सकाळी ती बसणार नाही, अशी त्यांना भीती वाटे. रात्री ती काढून, घासून पाण्यात ठेवायची आणि हुकाचे दात आतून-बाहेरून ब्रशने स्वच्छ करायचे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ब्रशइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे, हुक सैल वाटला तर घरच्या पकडीने किंवा कोणाकडूनही तो आवळून घ्यायचा नाही. कवळी आधी नीट टेकते का, हे तपासून घ्यायचे.

दरवर्षीची तपासणी सांगणे मात्र सोपे आहे. पानशेतहून पुणे सुमारे चाळीस किलोमीटर. ओतीव सांगाड्याच्या कवळीसाठी माप, टेकूचे खळगे, सांगाडा घालून पाहणे, चावा जुळवणे, दात लावून पाहणे अशा चार-पाच फेऱ्या होतात. अॅक्रिलिकची दोन-तीन फेऱ्यांत होते आणि किंमतही बरीच कमी. एका दिवसाची मजुरी बुडवून येणारा माणस कोणती निवडेल हे सांगायला नको. आठवडी बाजारात किंवा रस्त्याच्या कडेला याहूनही सोपे काम होते. भुकटी आणि द्रव कालवून पाच-दहा मिनिटांत आपोआप घट्ट होणारे अॅक्रिलिक थेट तोंडात थापायचे, त्यात दात बसवायचा, कधी शेजारच्या दातांना तारेने गुंडाळायचा. न काढता येणारा 'फिक्स दात' एका बैठकीत तयार! अॅक्रिलिक घट्ट होताना उष्णता बाहेर पडते आणि उरलेला द्रव हिरडीला झोंबतो, पण तो त्रास दोन दिवसांचा. खरा त्रास पुढच्या दोन-तीन वर्षांत होतो, कारण त्याच्याखाली ब्रश पोचतच नाही. सिडॉनच्या सोनाराने तार वापरली तेव्हा त्याच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता.

शेजाऱ्याला अजिबात न धरता दात उभा करायचा मार्ग आज उपलब्ध आहे. स्वीडनच्या ब्रोनमार्कने १९६५ मध्ये पहिल्यांदा एका रोग्याच्या जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे स्क्रू बसवले आणि हाड त्यांना घट्ट चिकटून वाढले. आता मागच्या बाजूला एक-दोन असे स्क्रू बसवून त्यांच्यावर अर्धी कवळी टेकवण्याचीही रीत आहे. त्यामुळे केनेडीच्या पहिल्या वर्गाचा सीसॉच नाहीसा होतो. खर्च एका स्क्रूमागे हजारो रुपयांचा. आणि स्क्रूभोवतीची हिरडीही रोज घासावीच लागते, कारण हिरडी सुजली तर त्याच्याभोवतीचे हाडही झिजते.